सतरा नंबरचं कुलूप

अशा गोष्टींच्या खाली नेहमी लिहिलेलं असतं की नावं बदलली आहेत. मी बदललेली नाहीत. ज्याला जे वाटायचं ते वाटू दे, माझं वय आता सत्तरीला टेकलंय.

दुसरं म्हणजे, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या, पिंपळ, पैंजण असलं काही हवं असेल तर सरळ दुसरं काहीतरी वाचा. हे घडलं भरदुपारी, टळटळीत उन्हात.

कतार. शुक्रवार, २१ जुलै २००६.

बारा वाजून दहा मिनिटं.

मी चार्ल्स, वसईतल्या गासचा. बायको बर्था दोह्यातल्या एका हॉस्पिटलात नर्स होती. राहायला अल हिलालमध्ये, दोन खोल्यांचा फ्लॅट. मी विजेच्या लाइनींचं काम करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत होतो, अल खोरच्या कंट्रोल रूममध्ये. कुठली लाइन चालू ठेवायची, कुठली बंद, ते माझ्या हातात. कंपनीचं नाव लिहीत नाही. ती पुढे बुडाली. बरं झालं.

आमच्या कामाचा एक नियम आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

लाइनवर माणूस चढायचा असेल तर मी लाइन बंद करायची. बंद केलेल्या स्विचच्या दांडीला लाइनमननं स्वतःचं कुलूप लावायचं. चावी त्याच्याच खिशात. मग मी त्याला परमिट द्यायचं. म्हणजे एक कागद, की बाबा रे, लाइन मेलेली आहे, चढ. काम झालं की त्यानं खाली उतरून ते परमिट सही करून परत द्यायचं.

त्यानंच. दुसऱ्या कुणी नाही.

परमिट परत आल्याशिवाय लाइन चालू करायची नाही, मग खुद्द कंपनीचा मालक येऊन उभा राहिला तरी.

नंदू माझा लाइनमन. सिन्नरचा. हसरा, बडबड्या, पण खांबावर चढला की एकदम गप्प. त्याच्या कुलपावर त्यानं तांबड्या ऑइलपेंटनं आकडा रंगवला होता, १७. मराठीत. मी म्हटलं, "अरे, इथं कुणाला वाचता येणार?" तर म्हणाला, "मला येतं ना. माझं कुलूप मला कळलं पाहिजे."

रेडिओवर इंग्लिशच बोलायचं असा हुकूम होता. नंदू मात्र काम संपलं की मराठीतच बोलायचा.

"चार्ल्सभाऊ, माणसं खाली, हत्यारं खाली. परमिट परत घ्या."

पाच वर्षं हेच. शब्द इकडचा तिकडे नाही.

आणि शुक्रवारी ड्यूटी असली की काम उरकून पिकअपमध्ये बसायचा आणि फोनकार्डावरून घरी फोन लावायचा. बायको सरोज तिकडे वाट बघत असायची. तिचे तेव्हा पावणेतीन वाजत आलेले असायचे.

आता सोलरचं सांगतो. कारण सगळी माती तिथंच झाली.

कतारच्या उत्तर टोकाला रुवैस नावाचं बंदर आहे, त्याच्या अलीकडे सहा शेतांवर सोलर पॅनल आणि बॅटऱ्या बसवल्या होत्या. प्रयोग म्हणून. साहेबलोक फोटो काढून गेले. शेताला लागेल तेवढी वीज शेतानं वापरायची, उरलेली आमच्या लाइनवर सोडायची. प्रत्येक शेतात एक डबा होता. त्या डब्यातला स्विच फार महत्त्वाचा. आमची लाइन बंद झाली की तो आपोआप सुटायचा, म्हणजे सोलरची वीज लाइनवर यायची नाही. नाहीतर आम्ही लाइन मेलेली समजून चढायचो आणि शेताकडून रिटर्न सप्लाय यायचा.

पण तो स्विच भारी नाजूक. लाइनला जरा धक्का बसला की सुटायचा. सुटला की शेताचं कोल्डस्टोअर बंद. एका शेताचा मालक रोज आमच्या मॅनेजरला फोन करून शिव्या घालायचा.

मॅनेजर ट्रेवर. आपलाच, वांद्र्याचा. मला म्हणाला, "चार्ल्स मॅन, कुछ कर ना. रोज माझं डोकं खातो तो."

मी केलं.

खिशातलं सिगरेटचं पाकीट फाडलं, पुठ्ठ्याची घडी केली आणि त्या स्विचमध्ये पाचर मारली. स्विच आता सुटणारच नव्हता. पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात बर्थानं सांगितलेलं सामान लिहिलेलं होतं. कोकम, सुके बोंबील, अंडी.

ट्रेवरनं विचारलंसुद्धा नाही काय केलंस म्हणून. "शुक्रन बाबा," म्हणाला, बस.

हे जूनच्या शेवटी.

२१ जुलैला त्याच लाइनवर जंपर बदलायचा होता. जंपर म्हणजे खांबावर दोन्हीकडच्या तारा जोडणारा तुकडा. नंदू वर चढणार, खाली मदतीला सुरेश. सुरेश केरळचा, नवीनच लागलेला.

लाइन मी बंद केली. नंदूनं कुलूप लावलं, परमिट घेतलं. जाताना म्हणाला, "चार्ल्सभाऊ, अर्थिंगचे रॉड दोन सेट द्या. दोन्ही बाजूंना लावतो."

ट्रेवर शेजारीच उभा होता. "दुसरा सेट दोह्याला गेलाय. सप्लाय येतो कुठून? सबस्टेशनकडून ना? त्या बाजूला लाव. यल्ला, नमाजच्या आत संपव."

आम्ही आयुष्यभर हेच शिकलो होतो. वीज येते ती एकाच बाजूनं. शेत वीज खातं, देत नाही.

पाचर मारल्यापासून हे खरं राहिलेलं नाही, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. आणि मला त्या क्षणी आठवलं नाही. गळ्यातल्या क्रूसाची शपथ, त्या क्षणी नाही.

नंदूनं टेस्टरनं तार तपासली. मेलेली होती, कारण लाइन गेली की सोलरचं मशीन काही मिनिटं बंद पडायचं आणि मग आपोआप परत सुरू व्हायचं. सुरेशनं डोळ्यांनी बघितलं. सबस्टेशनच्या बाजूला रॉड लावला. जोवर जंपर जोडलेला होता, तोवर शेताकडून येणारं सगळं त्या रॉडमधून जमिनीत जात होतं.

बारा वाजता रेडिओवर आवाज आला. "चार्ल्सभाऊ, जंपर सोडतोय."

जंपर सुटला, आणि पलीकडची तार जिवंत झाली.

बारा दहाला सुरेश रेडिओवर किंचाळला.

मधल्या दहा मिनिटांचं नंतर सांगतो. आत्ता नाही.

त्याच संध्याकाळी मी एकटा शेतावर गेलो. डबा उघडला, पाचर काढली, रुवैसच्या धक्क्यावर जाऊन समुद्रात फेकली. दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. डबा एकदम ठीक. मग चूक कुणाची? मेलेल्याची. त्यानं तार तपासली नाही, असं रिपोर्टात आलं. सुरेशला कुणीतरी व्हिसाची आठवण करून दिली. तो खाली मान घालून बसला.

मीही तिथंच बसलो होतो. माझ्याही तोंडातून शब्द फुटला नाही.

नंदूची बॅग मी आणि बर्थानं भरली. सहा शर्ट, मुलाला घेतलेली खेळण्यातली क्रेन, सरोजसाठी अत्तर. आणि सतरा नंबरचं कुलूप, चावीसकट. बर्था म्हणाली, "हे कशाला?" मी म्हटलं, "त्याचं आहे. जाऊ दे त्याच्याबरोबर."

हे लक्षात ठेवा. कुलूप मी माझ्या हातानं बॅगेत घातलं. बॅग विमानात गेली.

रविवारी ट्रेवर आला. "ते परमिट बंद कर. लाइन चालू करायची आहे."

मी म्हटलं, "नंदूनं परत दिलेलं नाही."

"आता कसा देणार? तू सही कर त्याची. खलास."

नंदू मराठीत सही करायचा. सोपी होती. मी केली. माझ्या हाताला कंपसुद्धा सुटला नाही, याची आज लाज वाटते. लाइन चालू झाली.

पुढचा शुक्रवार. २८ जुलै.

बर्था चर्चमध्ये मिस्साला गेली होती. माझी ड्यूटी. कंट्रोल रूममध्ये मी एकटा. बाहेर बांग झाली, मग सगळं शांत.

जरा जास्तच शांत…

एसीचा आवाज थांबला होता. मी वर बघितलं. एसी चालू होता. थंड हवा तोंडावर येत होती. फक्त आवाज नव्हता. कॉम्प्युटरचा पंखा, ट्यूबलाइटची गुणगुण… कशालाच आवाज नव्हता. मी टेबलावर थाप मारली.

थापेलाही आवाज आला नाही.

समोरच्या बोर्डावर एक तांबडा दिवा विझला आणि हिरवा लागला. तीच लाइन. आपोआप बंद झाली होती. फॉल्ट नाही, अलार्म नाही, काही नाही.

घड्याळात बारा दहा.

आवाज परत आले. मी सुरेशला सबस्टेशनला पाठवलं. अर्ध्या तासानं त्याचा फोन. "सर, स्विच खुला है. उसपे ताला लगा है."

"कौनसा ताला?"

"एक मिनट, सर." परत जवळ जाऊन बघून आला.

"सुरेश, कौनसा ताला?"

"लाल रंग का, सर… उसपे आपका भाषा में नंबर लिखा है."

ट्रेवरला सांगितलं तर तो खेकसला, "कुणीतरी मस्करी करतंय. तोड." सुरेशनं कटरनं तोडलं. दोन तुकडे आणून माझ्या टेबलावर ठेवले. तोच रंग, तोच १७, त्यातल्या एकच्या आकड्याची दांडी जरा वाकडी, तशीच. मी तुकडे ड्रॉवरमध्ये टाकले आणि ड्रॉवर बंद केला.

पुढच्या शुक्रवारी बारा दहाला लाइन परत गेली.

मी आधी ड्रॉवर उघडला. रिकामा.

स्विचवर कुलूप होतं. अख्खं.

असं चार शुक्रवार चाललं. सुरेश तिसऱ्यानंतर जायलाच तयार होईना. म्हणाला, "सर, वो ताला गरम रहता है. जैसे कोई अभी हाथ में पकड़ा था." पुढच्या महिन्यात नोकरी सोडून गावी गेला. शहाणा.

पाचव्या शुक्रवारी कुलूप नव्हतं. लाइनही गेली नाही. मला वाटलं, सुटलो.

आणि आवाज थांबले…

एसी गप्प. सगळं गप्प. फक्त रेडिओ खरखरला.

"चार्ल्सभाऊ…"

मी खुर्चीला चिकटलो.

"माणसं खाली."

खरखर…

"हत्यारं खाली."

मी तिसऱ्या वाक्याची वाट बघत राहिलो. ते आलंच नाही. रेडिओ नुसता उघडा होता, पलीकडे कुणीतरी बटण दाबून धरल्यासारखा. तो थांबला होता. माझ्या उत्तरासाठी. परत काय देणार होता बिचारा? परमिट तर मी आधीच त्याच्या नावानं परत घेतलं होतं.

मी उत्तर दिलं नाही.

आमच्या रेडिओवरचं सगळं बोलणं रेकॉर्ड व्हायचं. दुसऱ्या दिवशी मी ते लावलं. नंदूचा आवाज त्यात नव्हता. होतं ते वेगळंच. लांब कुठेतरी मोबाइल वाजत होता. बंद गाडीत वाजावा तसा. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही.

ती रिंगटोन कुणाची, ते मला माहीत होतं. रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं आणि सरळ त्या शेतावर गेलो. का गेलो ते विचारू नका.

डबा उघडला.

स्विचमध्ये पाचर होती. सिगरेटच्या पाकिटाचा पुठ्ठा. ओला. मी बोटानं ओढून काढला, उलगडला. शाई पसरली होती तरी वाचता येत होतं. कोकम, सुके बोंबील, अंडी.

तोंडात खारट चव आली. समुद्राच्या पाण्याची.

मी झोपेनासा झालो. बर्था नर्स, तिच्यापासून काय लपणार? म्हणाली, "तुझ्या मनात काय आहे ते मला सांगू नको हवं तर. फादरकडे जा, कन्फेशन कर." गेलो. रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा मागच्या बाईला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. आणि घरी आलो. असा मी शूर.

मार्च २००७ मध्ये नोकरी सोडली आणि कायमचे वसईला आलो. बर्था एकच म्हणाली, "सरोजला भेटून ये. नाहीतर तू काही जगत नाहीस."

मे महिन्यात सिन्नरला गेलो. वार बघून गेलो नव्हतो. शुक्रवार निघाला.

दोन खोल्यांचं घर, पत्र्याचं छप्पर. सरोजनं पाणी दिलं, चहा टाकला. मुलगा बाहेर खेळायला गेला होता. ती शिवणकाम करत होती, मशिनवर अर्धा ब्लाउज पडलेला. कोपऱ्यात लोखंडी पेटी.

पेटीला कुलूप. तांबडा १७.

मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं. "त्यांच्या बॅगेत आलं. चांगलं आहे, लावते पेटीला. त्या दिवसापासून तिथंच आहे."

मग आम्ही तिकडे काय तोडत होतो?

चहाचे दोन घोट घेतले. सरोज समोर पाटावर बसली. पदर सावरला. म्हणाली, "चार्ल्सभाऊ, एक विचारू? इथं सगळे म्हणतात, यांनीच हयगय केली. सासरे म्हणतात, पोरगा पहिल्यापासून निष्काळजी. उद्या माझा मुलगा मोठा होईल, त्यालाही लोक हेच सांगतील. तुम्ही होता ना तिथं? तुम्ही खरं सांगा. मी दुसरं काही मागत नाही. त्यांची चूक होती का?"

बघा. एवढंच हवं होतं तिला. नाही, एवढा एक शब्द.

मी कपाकडे बघितलं. पोलीस, कोर्ट, बर्थाचं तोंड, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

म्हटलं, "हो. जरा घाई झाली त्याच्याकडून."

सरोज रडली नाही. मग शांतपणे म्हणाली, "मग हे दर शुक्रवारी फोन करून मला का सांगतात, चार्ल्सभाऊला विचार म्हणून?"

मी कप खाली ठेवला.

"दर शुक्रवारी. दोन चाळीसला. आधी नुसती खरखर असते. मग तेवढंच बोलतात. चार्ल्सभाऊला विचार. मी कुणालाच सांगितलं नाही. लोक मला वेडी म्हणतील. म्हटलं, तुम्ही कधीतरी याल."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मीही बघितलं.

तिच्या शिलाई मशिनवरचा पंखा फिरत होता… पण त्याचा आवाज येत नव्हता.

आणि फोन वाजला.

सरोज उठली नाही. "घ्या," म्हणाली. "मला काय सांगितलंत ते त्यांना सांगा."

आता ती दहा मिनिटं सांगतो.

बारा वाजता नंदू रेडिओवर म्हणाला, जंपर सोडतोय. आणि त्याच सेकंदाला मला पाचर आठवली. लख्ख आठवली. रेडिओ माझ्या हाताशी होता. "नंदू, थांब," एवढं म्हणायचं होतं. पण रेडिओ रेकॉर्ड होतो. ट्रेवर शेजारी उभा. का थांब, ते सांगावं लागलं असतं. मग पाचर कुणी मारली, हेही निघालं असतं. मी म्हटलं, नको, मोबाइलवर सांगतो, गुपचूप. बाहेर गेलो आणि त्याच्या मोबाइलवर फोन लावला.

मोबाइल पिकअपमध्ये होता. नेहमीसारखा. सरोजला फोन करण्यासाठी ठेवलेला.

दहा मिनिटं मी लावत राहिलो. तो वाजत राहिला. रेडिओ मी उचलला नाही.

सरोजच्या घरातला फोनही तसाच वाजत राहिला. मी त्यालाही हात लावला नाही.

तो थांबल्यावर सरोज उठली. माझ्यापुढचा अर्धा चहाचा कप उचलून आत घेऊन गेली. परत बाहेर आली नाही. मी थोडा वेळ बसलो, मग चपला घातल्या आणि निघालो.

दारात पाय अडखळला. उंबऱ्यावर ते कुलूप पडलं होतं. बंद. पेटीकडे वळून बघितलं तर कडी रिकामी. सरोज आतच होती, पेटीकडे कुणी गेलं नव्हतं. मी ते उचललं. का उचललं, देव जाणे.

ते आजही माझ्या शोकेसमध्ये आहे, मेरीमातेच्या मूर्तीशेजारी. चावी माझ्याकडे नाही. फादरनी येऊन घराला आशीर्वाद दिला, पाणी शिंपडलं. उपयोग शून्य. शुक्रवारी दुपारी हात लावला तर पोळतं.

हल्ली इथं वसईतही घराघरावर सोलर बसतंय. समोरच्या बंगल्यावर बसलं, तसा मी दुपारचा खिडकीत उभा राहतो. खांबावर कुणी चढलं की खाली जाऊन विचारतो, बाबा, दोन्ही बाजूंना रॉड लावलास का? पोरं हसतात. म्हातारा सरकलाय म्हणतात.

सरोज, हे तुझ्यापर्यंत पोचलं तर वाच. तुझ्या मुलालाही वाचायला दे. नंदूनं तार तपासली होती. त्याची चूक नव्हती. पाचर मी मारली, रेडिओ मी उचलला नाही, सही मी केली. तुझ्या तोंडावर बोलायला मला जमलं नाही, म्हणून इथं भुतांच्या गोष्टींत लिहितोय.

आज शुक्रवार आहे. दोन चाळीस झालेत. बर्था स्वयंपाकघरातून ओरडतेय, "अरे चार्ल्स, किती वेळ वाजतोय तो फोन, उचल ना!"